वहिनीच्या वाटणीचा धडा

पटलं नाही तर सोडून द्या. अंगात आलेल्या बाईला ‘बारावीचा पेपर काय येणार ते सांग’ म्हणणारी मी... मला दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मीही हसलेच असते.

मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे आमचं गाव. माझी आणि वहिनीची, दोघींचीही शाळा दहावीला सुटलेली. वहिनीला अंगणवाडी सेविका व्हायचं होतं, त्याला बारावी लागते. म्हणून दोघींनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. अर्थशास्त्र शिकवणारं कुणी नव्हतं. वहिनीनं पुस्तकाची वाटणी केली – पुढचे धडे तिचे, मागचे माझे. आपला धडा आपण वाचायचा नि भाकऱ्या करता करता दुसरीला शिकवायचा. दुसरीचे धडे उघडायचेसुद्धा नाहीत. काय तो आमचा शहाणपणा.

तिचे सगळे झाले, फक्त ‘मागणीची लवचिकता’ राहिली – भाव वाढला की मागणी किती घटते, ते. तिलाच ती कळेना. पौषात दादाबरोबर म्हशाच्या जत्रेला गेली, मी घरीच होते. आली ती हसतच.

"लवचिकता कळली गो अश्विनी मला. उद्या सांगते."

त्याच रात्री ताप चढला. पाचव्या दिवशी दवाखान्यातच ती गेली, जवळ एकटा दादा होता.

मी पुस्तक ट्रंकेत टाकलं. दादा म्हणाला, "तिच्यासाठी तरी बस." म्हणून बसले.

मुरबाडचं सेंटर, सकाळी अकराचा पेपर. लवचिकतेचा प्रश्न आलाच. तो सोडून पुढे जाणार, तेवढ्यात कानाशी वहिनी बोलली.

"मीठ महागलं म्हणून आपण अळणी खातो का? घेतोच... आणि जत्रेतली घोंगडी? भाव ऐकून तुझ्या दादानं परत ठेवली... जुनीच बरी म्हनाले..."

आवाज तिचाच, पण धाप लागलेला. एरवी तिचं बोलणं म्हणजे लाह्या फुटायच्या. मी रडत रडत लिहीत गेले. सुपरवायझर बाईंनी पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर दादाला मिठाचं-घोंगडीचं उत्तर सांगितलं. त्यानं हातातलं काम टाकलं.

"घोंगडीचं तुला कोन बोललं?"

"वहिनी."

दादा म्हणाला, "शेवटच्या दिवशी मला हेच सांगत व्हती. धाप लागलेली, तरी सांगत व्हती. अश्विनीला सांगा म्हनली. मला वाटलं, तापात बरळते. मी म्हनलं, गप पड आता... मंग ती बोललीच नाय."

मी पास झाले. मिठाचं उदाहरण कुठल्याही गाइडात असेल, ते मीही मानते. पण घोंगडी? मी जत्रेला नव्हते, आणि दादानं कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मनाचे खेळ म्हणा, काहीही म्हणा... मला आजही उलगडा झालेला नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. त्या दिवशी दादानं मान खाली घालून विचारलं होतं, "आनखी काय बोलली का गो? माझ्यासाठी?"

मी खरं तेच सांगितलं. "नाय."

एवढं एक खोटं बोलायचं होतं मी. सुचलंच नाही.