दोन जावांमधली पेटी

गल्लीत त्यांना सगळे टेपबाई म्हणत. गळ्यात कायम शिवणकामाची टेप, आणि दुकानदारानं मोजून दिलेलं कापड त्याच्याच पायरीवर बसून पुन्हा मोजायची सवय. माप बरोबर निघालं तरी त्यांचं समाधान होत नसे. "आज बरोबर दिलंय म्हणजे काहीतरी असणार," असं पुटपुटत त्या घडी घालत. दुकानदार हसायचा, पण त्यांच्यासाठी कापड फाडताना त्याचाही हात जरा जपूनच चालायचा.

हा स्वभाव त्यांनी हौसेनं घेतला नव्हता. लग्नाआधी त्या कपड्यांच्या एका कारखान्यात काजं करायला होत्या. तिथे बटणांचा डबा नाहीसा झाला आणि सगळ्या मुलींसमोर त्यांची पिशवी उलटी करून झडती घेतली गेली. डबा पुढे मुकादमाच्याच कपाटामागे सापडला, पण चुकलो म्हणायला कुणी आलं नाही. तेव्हापासून त्यांनी एक ठरवलं: संशय आपण आधी घ्यायचा.

नवरा हयात असतानाच दोघा भावांचं बिनसलं आणि घराच्या मधोमध भिंत उठली. अलीकडे टेपबाई, त्यांचं मोटारीवर चालणारं शिलाई मशीन आणि गणवेशांचे गठ्ठे. पलीकडे धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. धाकटीनं मागच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं आणि पिल्लांचा तिचा धंदा बरा चालला होता. दीर म्हणजे सदा मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस. वाटणीच्या वेळी टेपबाईंनी धाकटीला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं होतं, "आज भावाला सोडतोय, उद्या तुलाही सोडेल. हा टिकणारा गडी नाही." त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं. नवरा गेल्यावरही त्यात फरक पडला नाही.

मग वीज कंपनीनं गल्लीतल्या जोडघरांसाठी नवी योजना आणली. ऊन टेपबाईंच्या छपरावर चांगलं, म्हणून सोलर पॅनेल तिथे. थंड खोली धाकटीकडे, म्हणून बॅटरी तिथे. आणि दोन्ही घरांच्या मधल्या बोळात, सामाईक भिंतीवर, एक राखाडी पेटी. बसवायला आलेली फिटरबाई जेमतेम तिशीची, पण बोलायला मोकळी.

"काकू, ह्याला कन्व्हर्टर म्हणतात. पॅनेलची आणि बॅटरीची वीज एका जातीची, घरातली दुसऱ्या जातीची. ही पेटी एकीची दुसरी करते, आणि उलटंही करते. दिवसा तुमच्याकडून तिकडे जाईल आणि बॅटरी भरेल. संध्याकाळी तिकडून तुमच्याकडे येईल. हा हिरवा बाण दिसतो ना? वीज जिकडे चालली असेल तिकडे तो वळतो."

"आणि मधे कोण खातं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही असं होत नसतं."

फिटरबाई हसली. "बरं, थोडंसं पेटी खाते. शंभरातलं दोन-तीन. ते उष्णतेत जातं. हात लावून बघा, जेमतेम कोमट लागते की नाही? जुन्या पेट्या तापायच्या, म्हणजे तेवढं वाया जायचं. आणि हे हँडल खाली ओढलं की पेटी बंद. मग दोन्ही घरं आपापल्या कंपनीच्या लाइनवर."

टेपबाईंनी हात लावला. कोमट होती. एवढी गुणी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि म्हणूनच ती त्यांना खटकली.

येता-जाता त्या पेटीवर नजर ठेवू लागल्या. सकाळी अंगण झाडताना बाण धाकटीकडे. दिवे लागल्यावर बाण आपल्याकडे. काही आठवडे सगळं फिटरबाईनं सांगितलं तसंच चाललं, आणि टेपबाईंचा जीव त्यामुळे जास्तच वर-खाली होऊ लागला. भिंतीला कान लावला की पेटीची गुणगुण ऐकू यायची. त्यापलीकडून धाकटीचा आवाज यायचा. "अहो, चहा घेताय ना?" "अहो, दार लोटून घ्या." पूर्वी ही बाई नवऱ्याशी इतकं बोलत नव्हती. आता एकदम एवढी माया कुठून आली? नक्कीच नवरा-बायको मिळून काहीतरी शिजवतायत, असं टेपबाईंनी ठरवून टाकलं. दिराचं उत्तर ऐकू येत नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. तो कधी बोलायचाच नाही.

एका संध्याकाळी गणवेश पोचवून त्या घरी आल्या. अंधार पडला होता. पेटीकडे बघितलं आणि पाय जागीच थबकले. बाण धाकटीकडे होता.

सूर्य तर केव्हाच बुडाला होता. पॅनेल झोपलेलं. मग इकडून तिकडे जातंय ते काय? त्यांनी पेटीला हात लावला. नेहमीपेक्षा चांगलीच गरम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. टेपबाईंना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. छपरावरून काही येत नसताना वीज जात असेल, तर ती त्यांच्या स्वतःच्या लाइनची. धाकटी त्यांच्या घरातून वीज ओढत होती.

त्यांनी फिटरबाईला फोन लावला. ती म्हणाली, "हो काकू, मीच सेटिंग बदललं. तुम्ही बाहेर गेला होतात. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, आमच्या लाइनमधे बिघाड आहे, नुसती बॅटरी पुरत नाही, थोडे दिवस तिकडून घेऊ, ताईंना विचारलंय."

"ताईंना विचारलंय?"

"नव्हतं विचारलं?"

टेपबाईंनी फोन ठेवला. रागापेक्षा त्यांना एक प्रकारचा आनंदच झाला. इतकी वर्षं घेतलेल्या संशयांपैकी एक तरी धाग्यासकट हातात आला होता. त्या बोळात गेल्या आणि हँडल खाली ओढलं.

त्यांच्या घरात दिवे क्षणभर मिणमिणले आणि पुन्हा नीट लागले. पलीकडे मात्र मिट्ट काळोख झाला. टेपबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. आता दीर येईल, धाकटी कमरेला पदर खोचून येईल, आणि मग एकेक गोष्ट तोंडावर मारायची. सगळी वाक्यं त्यांनी मनात जुळवून ठेवली.

कुणीच आलं नाही.

थोडा वेळ गेला. पलीकडून भांड्यांचा, पावलांच्या धावपळीचा आवाज येत होता, पण माणसाचा आवाज नव्हता. भांडायला न येणारी माणसं टेपबाईंना सगळ्यात संशयास्पद वाटत. आणि आता दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. पेटी बंद झाली तर धाकटीकडे कंपनीची लाइन चालू व्हायला हवी. लाइनमधे बिघाड म्हणे. इतके दिवस कोण बिघाड तसाच ठेवतं?

त्या उठल्या आणि टॉर्च घेऊन पलीकडे गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मेणबत्तीच्या उजेडात धाकटी जमिनीवर बसली होती. उबवायच्या मशीनवर घरातल्या होत्या नव्हत्या त्या दुलया टाकलेल्या, आणि ती गरम पाण्याच्या बाटल्या आत सरकवत होती.

"तो कुठे आहे?" टेपबाईंनी विचारलं.

"झोपलेत."

टेपबाईंनी टॉर्च दारातल्या बुटांवर मारला. "बुटांवर धूळ बसलीय. लेस बांधलेलीच आहे. घरातला माणूस बूट घालत नाही का?"

धाकटीचे हात थांबले. मग तिनं आणखी एक बाटली आत सरकवली. "गेले."

"कुठे?"

"सांगितलं नाही. महिना होत आला. आणि आता या आठवड्यात त्यांच्या नावावरची लाइनही बंद करून टाकली. मागून बिल अंगावर नको म्हणून."

"म्हणून तू माझी ओढलीस."

"ओढली. फिटरबाईशी खोटं बोलले. अंडी भरलेली होती मशीनमधे, काय करणार?"

"मला सांगता येत नव्हतं?"

धाकटीनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्हाला? हा टिकणारा गडी नाही, हे सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं? रोज भिंतीला कान लावून बसता, मला कळतं. म्हणून तर एकटीच बडबडत होते."

टेपबाईंचा संशय खरा निघाला होता, आणि तरी हातात काहीच आलं नव्हतं. त्यांनी टॉर्च मशीनकडे वळवला आणि विचारलं, "अंडी किती वेळ तग धरतात?"

"थोडी गार झाली तरी चालतं. फार नाही."

टेपबाई बोळात गेल्या आणि हँडल वर केलं. बाण पुन्हा धाकटीकडे वळला. त्या परत येऊन दुलया उचलायला लागल्या.

त्या खेपेला बरीच पिल्लं निघाली, काही अंडी वाया गेली. धाकटी म्हणाली, एरवीही जातातच. टेपबाईंना ते खरं वाटलं नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून ती म्हणतेय असं त्यांना वाटलं. धाकटीच्या नावावर नवी लाइन यायला वेळ लागला, कारण घर दिराच्या नावावर. कुटुंबातल्या कुणाची तरी सही हवी होती, ती टेपबाईंनी केली. पण आधी अर्ज वाचून फिटरबाईला इतके प्रश्न विचारले, की तिनं शेवटी हात जोडले.

दीर उगवला तो काही महिन्यांनी. आधी त्याचा टेपबाईंना फोन आला. "वहिनी, ती घरी कधी नसते? माझं सामान न्यायचंय. ते अंड्यांचं मशीनही विकून टाकतो." सख्खा दीर आयुष्यात इतकी वाक्यं एका दमात कधी बोलला नव्हता. टेपबाईंनी त्याला शांतपणे वेळ सांगितली, आणि नेमकी धाकटी घरी असते ती सांगितली.

तो टेम्पो घेऊन आला आणि दारातच धाकटी समोर. "बूट न्या," ती म्हणाली. "मशीन माझ्या कमाईचं आहे. त्याला हात लावायचा नाही." तो टेपबाईंकडे बघायला लागला.

"लाइन बंद केलीस तेव्हा अंडी आत होती, हे माहीत होतं ना तुला?" टेपबाईंनी विचारलं.

"लक्षात नाही आलं, वहिनी."

टेपबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माहीत होतं त्याला. तो बूट घेऊन निघून गेला.

टेम्पो वळल्यावर धाकटी टेपबाईंकडे वळली. "मी घरी असतानाच ते कसे आले? आपणहून येण्यातले नाहीत ते. तुमच्याशी बोलले होते ना आधी?"

"बोलला होता."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर रात्रभर रडत बसली असतीस आणि सकाळी दार लावून घेतलं असतंस."

"ते मी ठरवलं असतं." धाकटीनं दार आपटलं. पुढचे काही दिवस दोघींत पुन्हा अबोला.

मग एका दुपारी ती अलीकडे आली. दाराचं कुलूप तिनं बदलून घेतलं होतं. एक किल्ली तिनं टेपबाईंच्या मशीनवर, कापडाशेजारी ठेवली. "असू द्या तुमच्याकडे. कधी मला यायला उशीर झाला तर मशीनमधली अंडी वेळेवर फिरवायला."

टेपबाईंनी किल्ली उजेडात धरून उलटीसुलटी पाहिली. "नव्या कुलपाला तीन किल्ल्या येतात. तिसरी कुणाकडे?"

"दोनच दिल्या कुलूपवाल्यानं."

टेपबाईंना ते पटलं नाही. पण किल्ली त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.