मूल नको आणि मुलगी नको

अकरावीत असताना आमच्या कॉलेजनं मला वादविवाद स्पर्धेला पाठवलं. विषय होता, 'गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे.' प्रत्येक कॉलेजातून दोघांनी जायचं, एकानं बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. विरुद्ध बाजू मी मागून घेतली. माझ्या जोडीदारणीला कुठलीही चालणार होती. ती पेठेतली, आवाज असा खणखणीत की तिनं गाड्यांचं वेळापत्रक वाचलं असतं तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. "मला मतं नाहीत, उच्चार आहेत," असं ती स्वतःच सांगायची.

मला मात्र मत होतं, आणि ते बरंचसं आमच्या घरातल्या नव्या कॉम्प्युटरमधून आलं होतं. दादाला तेव्हा नुकतीच हिंजवडीला नोकरी लागली होती. कंपनीची बस त्याला सकाळी खडकीहून उचलायची, आणि तो गेला की कॉम्प्युटर माझा. इंटरनेट फोनच्या तारेवरून चालायचं, त्यामुळे मी वाचत बसले की अकोल्याहून येणारे सगळे फोन अडायचे आणि आत्या रुसायची. मला सापडायचं ते सगळं अमेरिकेतलं. तिथे दवाखान्यांसमोर पाट्या घेऊन माणसं उभी असत, दोन्हीकडून ओरडत असत. आपल्याकडे दवाखान्यांत वेगळी पाटी असायची, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' मुली कमी होत चालल्याच्या बातम्याही रोज पेपरात असत. मी हे दोन्ही एकत्र मळलं आणि भाषण तयार केलं. न जन्मलेली मुलगी त्यात बोलत होती. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ती म्हणायची, "आई, मला जगू दे."

रविवारी दुपारी मी ते आईला म्हणून दाखवलं. आम्ही दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा कारखान्यात होते, आई शाळेत गणित शिकवायची. स्वयंपाकघरात खाली बसून ती मटार सोलत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, उच्चारातली एक चूक सांगितली आणि विचारलं, "'आई, मला जगू दे' हे तू म्हणतेस कोणाला?"

कुठल्याही आईला, असं मी म्हणाले.

"मग मलाही म्हणतेस," ती म्हणाली. "दादानंतर मला लगेच दिवस गेले होते. ते मूल मी ठेवलं नाही."

मटार सोलणं थांबलं नव्हतं. तिनं पुढचं सगळं तशाच आवाजात सांगितलं. पुण्यात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. एका खोलीचं घर, दादा अजून रांगत होता, आणि तिला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. त्याच महिन्यात हे कळलं. बाबांनी तिला विचारलं की तुला काय वाटतं, आणि म्हणाले की नऊ महिने तुला काढायचे आहेत, तर तू सांग. तिनं सांगितलं. कायदा होताच. दोघं दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी घरी आली.

मग मी तेच विचारलं जे माझ्या भाषणात भरलं होतं. "मुलगी होती का?"

"कोणी पाहिलं? विचारायचं सुचलंसुद्धा नाही." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मला त्या वर्षी मूल नको होतं गं. मूल नको आणि मुलगी नको, या दोन गोष्टी आहेत. उत्तर सारखं आलं म्हणून दोन गणितं एक होत नाहीत."

वाईट वाटलं का, असं मी विचारलं. थोडी रडले, ती म्हणाली, आणि मग अशी भूक लागली की बाबांनी आणलेले साबुदाण्याचे वडे तिनं त्यांच्या वाटणीचेही खाल्ले.

"आणि मी?"

"तुला तर आम्ही मागून घेतली. दादा शाळेत जायला लागला, माझी नोकरी पक्की झाली, तेव्हा एक दिवस यांना म्हटलं, आता एक हवं. काहून हसतेस?"

आईचं वऱ्हाडी ती खुशीत असली की बाहेर पडायचं. मी हसत होते कारण मला फार भारी वाटत होतं. आपण असेच झालो, आलो म्हणून आलो, अशी माझी आजवर समजूत होती. घरात माझी वाट पाहिली गेली होती, तीही ठरवून, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी दादाला मी हे ऐकवलं. त्यानं विचारलं, माझ्या वेळी काय ठरलं होतं? आई म्हणाली, "तू न कळवता आलास. पण आलास ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी मी मराठीच्या सरांकडे जाऊन मला बाजू बदलून हवी असल्याचं सांगितलं. माझं मत बदललंय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बदललं? अभिनंदन. त्यासाठी आधी असावं लागतं, ते बहुतेकांकडे नसतं." जोडीदारणीनं काहीच हरकत घेतली नाही. तिची एकच अट होती, ती न जन्मलेली मुलगी तिला हवी होती. मी अख्खं भाषण तिला देऊन टाकलं.

आईची गोष्ट सांगायची परवानगी मी मागितली होती. ती म्हणाली, माझी गोष्ट माझ्याजवळ राहू दे, तू तुझं मत सांग. मग मला खरंच मत तयार करावं लागलं, आणि तिथे मी अडकले. निर्णय बाईचा, हे मला पटलं होतं. पण एखाद्या बाईनंच मुलगी नको म्हटलं तर? खडकी बाजारात भाजी घेताना मी आईला हे विचारलं. तिनं मेथीच्या दोन-तीन जुड्या चाळून बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "ज्या घरात मुलगी नको असते, तिथे बाईला कोणी विचारतं का, ते आधी बघ. पण याचं पूर्ण उत्तर मलाही येत नाही." तिला न येणारं एखादं गणित असतं हे मी पाहिलेलं नव्हतं. मला उगाच धीर आला.

स्पर्धेला आई शाळेतून आली आणि बाबा कारखान्यातून परस्पर, खाकी कपड्यांतच. ते पहिल्या रांगेत बसले. जोडीदारणीनं "आई, मला जगू दे" म्हटलं तेव्हा मागच्या रांगांतले लोकही पुढे झुकले. बाबांनी डोळे पुसले आणि जोरात टाळ्या वाजवल्या. आईनं त्यांना कोपरानं ढोसल्याचं मला स्टेजवरून दिसलं.

मग मी बोलले. परीक्षकांनी मला नेमकं तेच विचारलं, ज्याची मला भीती होती, बाईनंच मुलगी नको म्हटलं तर? मी म्हणाले की बाईनं ठरवणं आणि घरानं तिच्याकडून वदवून घेणं यांत फरक आहे, आणि हक्क मी पहिल्याचा मागते आहे. ते म्हणाले, आणि तिनं खरंच स्वतः ठरवलं असेल तर?

"ते मला अजून कळलेलं नाही," मी म्हणाले. "कळलं की सांगेन."

लोक हसले. टाळ्याही पडल्या.

पहिला नंबर जोडीदारणीचा आला, मला उत्तेजनार्थ मिळालं. मी स्वतःच्याच भाषणाकडून हरले होते आणि तरी अंगात वारं भरल्यासारखी नाचत होते. आम्ही सगळे पावभाजी खायला गेलो. दादा कंपनीच्या बसमधून मध्येच उतरून आला. बाबा जोडीदारणीला सांगत होते की तू बोललीस ते पटलं, मग ही बोलली तेही पटलं. "काका, तुम्ही परीक्षक हवे होता," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी आईशेजारी बसले. ती म्हणाली, त्या प्रश्नावर परीक्षक मी असते तर तुला एवढ्यात सोडलं नसतं. मग काय म्हणाली असतीस, मी विचारलं. तिनं एक मुद्दा मांडला. मला तो पटला नाही, तसं मी म्हणाले, तेव्हा तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि दुसरा मांडला. ती माझ्याशी अशी आजवर कधी बोलली नव्हती, बरोबरीनं, माझं म्हणणं खोडून काढण्यासाठी मन लावून. पुढच्या सीटवरून बाबांनी वळून विचारलं की भांडताय कशाला. आई म्हणाली, "अहो, भांडत नाही. तुम्ही पुढे बघा." खडकी आली तरी आमचं ठरलं नव्हतं, आणि दारापर्यंत आम्ही दोघी बोलतच गेलो.