मशीनला वाटतंय, बीडला समुद्र हाय

मंडळी, आज लई डोकं फिरलंय.

मी बीडच्या एका दवाखान्यात लॅब सांभाळते. रक्तातला ऑक्सिजन मोजायचं आमचं मशीन काल मुंबईचा इंजिनिअर दुरुस्त करून गेला. आज सकाळी कंट्रोलची, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो त्या द्रवाची, कुपी लावून पडताळणी केली, तर ऑक्सिजन ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त. दुसरी कुपी फोडली, तेच. मशीन स्वतःचं स्वतः करतं ते कॅलिब्रेशन मात्र पास!

त्याला फोन केला. म्हणे, "मॅडम, कुपी नीट हलवत नसाल."

दहा वर्षं इथं काय ताक घुसळत होते का मी?

शेवटी सेटिंग उघडलं. हवेचा दाब ७६०, म्हणजे समुद्रकाठचा! आपलं बीड उंचावर, इथं दाब कमी, आणि त्या दाबावरूनच मशीन ऑक्सिजनचा हिशोब लावतं. पठ्ठ्यानं मुंबईचाच आकडा ठेवला होता. तो बदलून पुन्हा कॅलिब्रेशन केलं, तेव्हा कुपीचा आकडा बरोबर आला.

पण काल याच मशीनच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी नांदूरघाटच्या एका आजोबांची ऑक्सिजनची नळी काढली होती. रिपोर्टवर सही माझी. आज डॉक्टरांना सांगून नळी परत लावली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी कालपासून सांगतोय, दम लागतोय. समदे म्हनले, मशीन चांगलं सांगतंय."

तुमच्या मशीनला माहीत आहे का, ते कोणत्या गावात बसलंय? आधी उठा आणि बघा.