पत्रकातून गाळलेली ओळ

आमच्या गावात मलेरियाच्या गोळ्या कुणी संपवत नाही. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, पुढच्या रोवण्यासाठी. भाताच्या लावणीत आजारी पडायला कुणाला सवड नसते. याच सवयीविरुद्ध मी पत्रक लिहिलं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. 'चौदा दिवस. एकही गोळी शिल्लक नको.' गावात गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंनी आणखी एक ओळ सांगितली होती: लघवी काळी झाली तर गोळी थांबवा, दवाखान्यात या. ती मी गाळली. लोकांना बहाणाच हवा असतो, असं मला वाटायचं.

मग दादालाच मलेरिया झाला. रोज समोर उभी राहून मी त्याला गोळी गिळायला लावायची. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "लघवी कोऱ्या चहावानी होऊन राहिली."

"पाणी कमी पितोस. घे."

"पोलीस झाली का तू?" तो हसला आणि त्यानं गोळी गिळली.

दुसऱ्या सकाळी त्याचे डोळे पिवळे होते. अंगणातून खाटेपर्यंत येताना दोनदा खाली बसला.

दवाखान्यात लॅबवाल्या भाऊंनी ताप आला तेव्हा घेतलेली त्याच्या रक्ताची काच मला मायक्रोस्कोपखाली दाखवली. लाल पेशी फुगलेली, अंगभर बारीक ठिपके. जंतू आवरण फोडून शिरत नाही म्हणाले. चिकटतो, ते आत दाबतो आणि त्याचाच तुकडा स्वतःभोवती गुंडाळून बसतो. फोडतो तो बाहेर निघताना.

"पण एवढ्या पेशी जंतूनं नाही फोडल्या. काहींच्या पेशीत आवरण सांभाळणारं द्रव्य जन्मापासून कमी असते. त्यांच्या पेशी या गोळीनं फुटतात. काळी लघवी दिसली की गोळी बंद. कोणी सांगतलं नाही का?"

"सांगितलं होतं."

दादाला रक्त चढत होतं. वाचेल, असं कुणी ठाम बोलेना. माय त्याच्याजवळ होती. मला तिथं बसवेना. गावात परतले आणि घराघरांच्या भिंतीवरच्या पत्रकांवर ती ओळ पेनानं लिहीत सुटले.

शेजारची काकू बघत होती. "हे पहिलेच काऊन नाही लिवलं?"

"तुम्ही गोळ्या सोडून द्याल म्हणून."

"म्हणजे आमाले अक्कल नाही, असंच ना?"

मी पुढच्या भिंतीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी लघवी साफ आली. दादानं उशीला टेकून मी आणलेलं पत्रक वाचलं, खालची माझी ओळ दोनदा.

"एवढं बारीक कायले लिवलं? वर लिव. मोठं."