पाळकसाहेबांचे दोन थेंब

"ज्याचं त्यानं मागावं," असं म्हणून आमचे पाळकसाहेब दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मग समोरचा कितीही गयावया करो.

नव्वदीच्या सुरुवातीला गंगापूर रोडला इमारती कमी आणि मळे जास्त होते. आमच्या मळ्यातल्या हौदात आठवडाभर मेथीच्या जुड्या धुतल्या जायच्या आणि एखाद्या रविवारी माणसं. पाळकसाहेबांच्या प्रार्थनामंदिरात हौद नव्हता, आणि बाप्टिस्ट लोकांना बाप्तिस्म्यासाठी माणूस अख्खा पाण्याखाली जावा लागतो. तोही जाणता, स्वतःहून आलेला. माझे वडील त्यांना चिडवायचे, "साहेब, थंडी आहे, दोन थेंब शिंपडून भागवा की."

"अण्णा, तुम्ही मेथी शिंपडून धुता का?" ते म्हणायचे आणि कुडकुडत हौदात उतरायचे.

पुढे ते बाप्टिस्ट मंडळ्यांच्या अख्ख्या संघाचे अध्यक्ष झाले. तरी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सुरगाण्याच्या पाड्यांवर जाणं सुटलं नाही. तिथे एकदा एका बाईनं तापानं फणफणलेलं पोर त्यांच्या पायाशी ठेवलं. "सायेब, पानी टाका याच्यावर, वाचंल त्यो." साहेबांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, पोराला स्वतः उचलून जीपमध्ये घातलं, पण पाणी काही टाकलं नाही. पोर वाटेतच गेलं. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पुढ्यातला चहा तसाच ठेवून निघून गेले.

अशा माणसाच्या घरातच घोडं अडलं. एकुलता मुलगा ओझरला कारखान्यात लागलेला, स्वभावानं बापासारखाच हट्टी. तो बाप्तिस्मा मागेना. अध्यक्षांचं पोर कोरडंच, अशी मंडळीत कुजबुज. एका नाताळात साहेबांनी आपला नियम गुंडाळून ठेवला आणि मुलाला गळ घातली. तो म्हणाला, "तुमच्या अब्रूसाठी बुडू का?" त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलाची मोटारसायकल ओझरच्या रस्त्यावर घसरली. दवाखान्यात मी त्याच्या आईच्या, पाळकीणबाईंच्या शेजारी उभा होतो. मुलगा बेशुद्ध होता. डॉक्टरांनी आशा सोडलेली. साहेब दाराशीच थांबलेले, हात पाठीमागे.

"दोन थेंब टाका त्याच्यावर," पाळकीणबाई म्हणाल्या.

"त्यानं मागितलेलं नाही."

"आता तो कसा मागेल? माझ्यासाठी टाका."

साहेबांचा चेहरा मला बघवेना. शेवटी ते आत आले, पेल्यात बोटं बुडवली, मुलाच्या कपाळावर ठेवली आणि पित्याच्या, पुत्राच्या नावानं पुटपुटले. मग हात काढेचनात. शेवटी नर्सनं बाजूला व्हायला सांगितलं. पहाटे मुलगा गेला.

संघाच्या सभेत त्यांनी स्वतःच उभं राहून हे सांगितलं. लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे, विसरून जा. साहेब म्हणाले, "काळीज त्या सुरगाण्याच्या बाईलाही होतं." अध्यक्षपद सोडलं, पाळकपणही सोडलं. पुढे कधी हौदाकडे फिरकले नाहीत. मी भेटायला गेलो की एकच विचारायचे, "पोराला न विचारता केलं. आणि त्या बाईला काय सांगू?" तुम्ही काय सांगितलं असतं? वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, हळूहळू मी जाणंच कमी केलं.

ते वारल्यावर मात्र घरी भेटून आलो. पाळकीणबाई शांत होत्या. निदान तुमचं तरी समाधान झालं त्या पाण्यानं, असं मी म्हणालो.

"पाण्यानं?" त्या म्हणाल्या. "मीही याच मंडळीतली. थेंबांनी काही होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? नाताळापासून यांनी पोराकडे बघितलं नव्हतं. नुसता हात ठेवा म्हटलं असतं, तर दारातून हलले नसते."

"मग हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"मी पोराचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. कधी सांगू?"