वाटणीला आलेला नारू

आम्ही नारूच्या सर्वेक्षणातली जुनी मंडळी एकत्र आलो की एकानं तोंड उघडायची खोटी, किस्सा किश्शाला ओढत आणतो. आमच्या घरच्यांना सगळे तोंडपाठ झालेत. चहा ठेवतात आणि सरळ आत निघून जातात.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला. जीप, खुर्च्या, टाइपरायटर, सगळ्याची जुन्या जिल्ह्याशी वाटणी चाललेली. त्यात दुष्काळ. उदगीरकडच्या एका गावात प्यायला एकच पायऱ्यांची बारव उरली होती. लोक खाली उतरून, पाण्यात उभं राहून घागर भरायचे. ज्याच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा बाहेर येत असे, तोही तिथंच उभा! त्याची पिल्लं पाण्यात, ते पाणी पोटात, आणि वर्षभरानं नवा नारू पायात. आमच्या डॉक्टरांनी हे पारावर नीट समजावून सांगितलं. एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "म्हंजी वाटणीत नारू बी आपल्याकडंच आला म्हणा की."

डॉक्टर पुण्याचे. हसावं की नाही, त्यांना कळेना.

* * *

त्याच गावात गंगव्वा राहायच्या. त्यांचा एकुलता लेक बसवराज. दर साली नारू त्याला ऐन पेरणीत बाजेवर पाडायचा आणि गंगव्वांना भावकीच्या हातापाया पडून शेत पेरून घ्यावं लागायचं. आम्ही गेलो तेव्हाही तो दोन्ही घोटे सुजून पडलेला. डॉक्टर पट्टी बांधायला बसले की गंगव्वांचा प्रश्न ठरलेला, "पुढच्या पेरणीला तरी उभा राहील का हो माझा लेक?"

आतापासून गाळलेलंच पाणी प्याला तर राहील, असं डॉक्टर सांगायचे.

* * *

गाळायला फडकी हवीत. उदगीरचे रसूलचाचा टेलर म्हणाले, मी शिवतो. साधी शिवण घातली असती तरी भागलं असतं. पण पाण्याचं काम म्हणजे सवाबाचं, पुण्याचं काम, असं म्हणत चाचांनी प्रत्येक फडक्याला हिरवी किनार लावली. इतकं देखणं काम, की आम्हीच बघत बसलो.

* * *

फडकी घरोघर वाटली. मग काय, ज्या घरी जावं तिथं गाळलेलं पाणी! एका घागरीसाठी बाया उन्हात तासन्‌तास बसायच्या, पण आम्हाला कुणी कधी तहानलेलं सोडलं नाही. आजही आठवलं की ऊर भरून येतो. डॉक्टर तर जाम खूश.

आणि एके दिवशी गंगव्वांनी आमच्यादेखत बसवराजला दुसऱ्याच मडक्यातलं पाणी दिलं. तसंच, न गाळता.

मी विचारलं, तर त्याच चकित झाल्या. असलं फडकं घरच्या पाण्याला कोण वापरतं? ते पाव्हण्यांसाठी! एरवी पेटीत, घडी घालून. मी घरोघर फिरून आलो. सगळीकडं तेच. अख्ख्या गावानं फक्त आमच्या जिवाला जपलं होतं!

* * *

मला वाटलं, आता डॉक्टर भडकणार. त्यांनी गुपचूप बसवराजच्या मडक्यात तांब्या बुडवला आणि तोंडाकडं नेला. गंगव्वांनी हात धरला. "ते गाळलेलं न्हाई साहेब!"

"मग गाळा. आजपासून मी घरचा. बसवराज पिईल तेच पिणार."

हा हा म्हणता गावभर झालं. डॉक्टर कुणाच्या घरी कुठल्या मडक्यात तांब्या घालतील, नेम राहिला नाही. पाव्हण्याला तसलं पाणी पाजलं तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? घराघरात पाण्याचा थेंबन्‌थेंब गाळला जाऊ लागला.

* * *

हा शेवटचा मात्र मीच सांगतो, बाकीच्यांना सांगू देत नाही.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. ऐन पेरणीत डॉक्टर आणि मी त्या गावाला निघालो. गावाच्या अलीकडं जीप काळ्या मातीत रुतली. डॉक्टर उकिडवे बसून चाकाखाली दगड लावू लागले. शेजारच्या रानातून एक जण पेरणी सोडून ढकलायला आला. त्याचे चिखलानं भरलेले पाय डॉक्टरांच्या नाकासमोर येऊन थांबले.

घोट्यांवर जुने वण होते. डॉक्टरांनी हातातला दगड खाली ठेवला. एक घोटा दाबून पाहिला, मग दुसरा. सूज नव्हती.

"बसवराज?" त्यांनी त्या पायांनाच विचारलं.

"व्हय साहेब. जरा वर बघा की."