सारसाची पहिली पायरी

"थांबा. आधी सांगा, हे तुम्ही शिकलात का?"

फासा पाटावर अजून गडगडत असायचा, आणि ते आपला रुंद पंजा त्याच्यावर ठेवून हा प्रश्न विचारायचे. उत्तर त्यांना ठाऊक असायचं. आपल्यालाही ठाऊक असायचं. शिकलेलं नसायचं. मग ते शांतपणे म्हणत, "मग नाही मारता येणार. पुढे."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. त्याच्यावर चिडावं, तणतणत घरी यावं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याच दारात चपला काढाव्यात.

मी लग्न होऊन देवासला आले तेव्हा गावाबाहेर एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आमचे हे मशीन शॉपमध्ये होते, मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. आणि फासा अडवणारे ते, नकाशे काढणाऱ्या विभागात. मूळचे धारचे, घराणं मराठ्यांच्या संस्थानाबरोबर इकडे आलेलं. त्यामुळे त्यांची मराठी आमच्यापेक्षा जुनी होती, आणि ती एका वाक्याच्या वर टिकत नसे. "तुम्हांस सांगतो ताई," अशी सुरुवात करायचे आणि "ये मशीन बिल्कुल बेकार है" असा शेवट. कारखान्यात सगळेच एकमेकांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, पण नुसतं 'भिया' म्हटलं की ते हेच.

त्या दिवसांत चिनी मारामारीचे सिनेमे टॉकीजमध्ये नवे नवे आले होते. गल्लीगल्लीत पोरं हवेत लाथा मारत हिंडायची. भियांनीही इंदूरला जाऊन एक पाहिला आणि रागावून परत आले. "सगळे उडतात. शिकतात कधी, ते कुणी दाखवतच नाही!" त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक सापडलं. चिनी कुस्तीच्या जुन्या जुन्या पद्धती, कोणती कशी शिकायची, कशानंतर काय. पुस्तकाचा मागचा अर्धा भाग फाटलेला होता. वाघ, सारस, साप, माकड आणि एक किडा, एवढ्यांवर ते संपत होतं. भियांनी त्यावरून एक खेळ तयार केला.

सोंगट्यांचा खेळ नव्हे. प्रत्येकाला एक वही. वहीत आपण कोण ते लिहायचं: वय, अंगकाठी, दम, धीर. मग भिया डोळे मिटून सांगू लागायचे, "तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आहात. पाऊस पडतोय. गुरू आत झोपले आहेत. बोला, काय करता?"

"उठवतो त्यांना," आमचे हे म्हणाले.

"दहा दिवस वाया."

"का?"

"झोपलेल्या गुरूला उठवलंत."

आम्ही चौघं असायचो. भिया, आम्ही दोघं, आणि शेजारचे सेठजी. सेठजी राजगढचे, कापडाचे व्यापारी, आवाज दणदणीत. भियांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. त्या चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. खेळाच्या पहिल्या बारा डावांत कुणालाही काही करता येत नसे. गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं, एवढंच; याला भिया बैठक म्हणत. वहीत दर डावाला एक रेघ. तिसऱ्या रविवारी सेठजींनी वही आपटली.

"भिया, यो कई खेल है? लड़वा आया था, ऊबा रई ग्या!"

"ऊबा रहना ही तो सीखना है, सेठजी."

"तो म्हारी दुकान पे ऊबा रूं, गिराक तो आवेगा!"

आम्ही हसून हसून दमलो. भिया हसले नाहीत. त्यांनी सेठजींच्या वहीची दुमडलेली पानं बोटांनी सरळ केली आणि त्या डावाची रेघ मारली.

नियम टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत मी करायची. ऑफिसातलं यंत्र हिंदीचं, आणि त्याच्या ळ ची दांडी वाकलेली. हिंदी पत्रांत तिचं काम पडत नसे, म्हणून कुणी दुरुस्त करत नसे. त्यामुळे 'खेळ' लिहायचं म्हणजे 'खे' टाइप करायचं, जागा सोडायची आणि मग पेनाने ळ भरायचा. चाळीस पानं. कार्बनच्या तीन प्रती. आणि दुसऱ्या दिवशी भिया माझ्या टेबलाशी उभे.

"ताई, सापाची दुसरी पायरी माकडाच्या पहिलीनंतर येईल. माझी चूक झाली."

"म्हणजे पुन्हा?"

"पुन्हा."

असं मी नऊ वेळा टाइप केलं. एकदा किड्याच्या नावावरून अडलं. मी 'नाकतोडा' लिहिलं होतं. "नाकतोडा नाही हो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी काडेपेटीतून एक जिवंत किडा घेऊन आले. हिरवागार, पुढचे पाय जोडून बसणारा. त्यांनी पेटी उघडताच तो माझ्या यंत्रावर चढला. अकाउंट्सच्या बाई किंचाळल्या. भिया वाकून त्याच्याकडे पाहत राहिले. "पाहा, हात जोडून बसलाय. वाटतं देवाचं नाव घेतोय. असा मारतो, की समोरच्याला कळत नाही." मी 'हातजोड्या' असं लिहिलं. ते त्यांना इतकं आवडलं की तेवढं एक नाव पुढे त्यांनी कधी बदललं नाही.

मी विचारलं होतं एकदा, हे सगळं चीनचं कशाला? आपल्याकडे काय कमी आहे?

"आमचे आजोबा संस्थानात दांडपट्टा शिकवत," ते म्हणाले. "वडिलांनी कारकुनी धरली. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा. पट्टा घरात आहे, ताई. तो धरायचा कसा, ते कुणास ठाऊक नाही. कुणी लिहूनच ठेवलं नाही." आणि मग, "त्या लोकांनी लिहून ठेवलं. अर्धं का होईना."

त्यानंतर मी पानं पुन्हा टाइप करताना कुरकुर कमी केली. बंद केली असं म्हणणार नाही.

मी सारस घेतला होता. एका पायावर उभं राहायचं, वाट पाहायची, समोरच्याचा तोल गेला की चोच मारायची. पहिली पायरी मिळायला मला आठ महिन्यांचे रविवार लागले. कधी धीर कमी पडला, कधी गुरू आजारी, कधी मीच घाई केली. ज्या दिवशी ती मिळाली, त्या दिवशी भियांनी माझी वही घेतली आणि कारखान्याच्या नकाशावर घालतात तशा देखण्या अक्षरात लिहिलं, 'सारस, पायरी पहिली.' काय सांगू तुम्हाला! मॅट्रिकच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता. घरी जाताना मी रस्त्यात एका पायावर उभी राहून पाहिलं. हे म्हणाले, "लोक बघताहेत." बघू देत, मी म्हटलं.

हे आठवलं की पुढचं सांगताना जीभ अडखळते.

भियांना वाटलं, खेळ छापावा. इंदूरला खेळणी विकणारे एक घाऊक व्यापारी होते, त्यांच्याकडे ते गेले, मला सोबत घेऊन. भियांनी प्रत्येक प्राण्याचे पत्ते रंगवून नेले होते; त्यांवरची चित्रं पाहून व्यापारी खूश झाले. मग नियम वाचू लागले. चौथ्या पानावर चष्मा काढला.

"बाबूजी, इसमें आदमी सीखता ही रहता है. मारता कब है?"

"सीखने के बाद."

"सीखना निकाल दो. पहले ही फासे में सबको सब आता हो. फिर देखो."

भियांनी पत्ते गोळा केले, पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट लावले, नमस्कार केला. देवासला उतरल्यावर म्हणाले, "ताई, सारसाला अजून एक पायरी हवी. लवकर मिळतो तो."

आणि मग त्यांनी खेळ अधिकच अवघड केला. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दुखावलेला माणूस दार लावून घेतो, तसं काहीसं असावं. बारा डावांचे वीस झाले. गुरू रागावू लागले. सेठजी यायचे थांबले. मग आमचे हे. "तो माणूस खेळत नाही, शिक्षा देतो," असं यांनी तोंडावर सांगितलं. भिया म्हणाले, "बरोबर आहे," आणि काही बदललं नाही. शेवटी मी एकटी उरले. मीसुद्धा दर रविवारी घड्याळाकडे पाहायची.

तेव्हा मी एक गोष्ट केली. त्यांना न विचारता, चाळीस पानांचं एक पान केलं. बैठक नाही, पायऱ्या नाहीत, गुरू नाही. पत्ता उचला, ज्याचा वाघ त्याने मारावं. घाईत टाइप केलं, ळ भरलेही नाहीत. मराठी समाजाच्या गणेशोत्सवात एका दुपारी मोठ्या माणसांसाठी खेळ ठेवायचे होते. तिथे मी त्यांची चित्रं आणि माझं पान नेलं. माझ्या मनात होतं, लोकांना गोडी लागेल, मग पूर्ण खेळ मागतील. भियांना बरं वाटेल. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

हॉल दणाणून गेला. मुख्याध्यापक आणि स्टेट बँकेचे मॅनेजर वाघ आणि माकड होऊन एकमेकांवर ओरडत होते. सेठजी गणपतीच्या आरतीला आले होते, तेही बसले आणि तीन जणांना लोळवून म्हणाले, "यो है खेल!" मी मान वर केली तर भिया दाराशी उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. कुणीतरी त्यांना ओढून बसवलं. ते खेळले. दुसऱ्याच पत्त्याला हरले. हसले, टाळी दिली, प्रसाद घेतला आणि गेले.

मला वाटलं, आता ओरडतील. मी उत्तरं तयार करून ठेवली होती. सोमवारी मी टेबलाशी गेले तर माझं ते एक पान यंत्राखाली दडपून ठेवलेलं. त्यावर जिथे जिथे जागा रिकामी होती, तिथे तिथे त्यांनी काळ्या शाईने ळ भरले होते. एकही सुटला नव्हता. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

मी पान घेऊन त्यांच्या विभागात गेले. "भिया, बोला की काहीतरी."

"काय बोलू? छान झालं. लोक हसले."

"तुम्ही रागावला आहात."

"नाही ताई." त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. "तुमची पहिली पायरी झाली होती ना, म्हणून वाटलं, तुम्हांस ठाऊक असेल."

त्या रविवारी मी गेले तर दार वहिनींनी उघडलं. झोपलेत म्हणाल्या. पुढच्या रविवारीही तेच. झोपलेल्याला उठवायचं नाही, हे मी शिकले होते. मी परत आले.

पुढे पिथमपूरला नवे कारखाने निघाले, तेव्हा त्यांनी तिकडे नोकरी धरली आणि धारच्या घरी राहायला गेले. मी सगळी पानं पुन्हा टाइप केली, नवव्या वेळच्या कार्बन प्रतीवरून. बैठकीचा विसावा डावसुद्धा घातला. ळ भरले. रजिस्टरने पाठवलं, सोबत माफीचं पत्र. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. माफीबद्दल अवाक्षर नाही. 'पान एकोणतीस. हातजोड्याची तिसरी पायरी वाघाच्या आधी. कृपया दुरुस्त करणे.'

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! कार्ड फाडायला घेतलं होतं. मग पान एकोणतीस टाइप केलं. पाठवलं. पुन्हा कार्ड. पान अकरा. असं दोन वर्षं चाललं. मी दर वेळी चिडून टाइप करायची आणि दर वेळी पोस्टमनची वाट पाहायची. मग कार्डं थांबली. आधी वाटलं, झाली असतील त्यांची दुरुस्त्यांची हौस. मग सेठजी मनावर गावाला माल घेऊन जाताना धारला थांबले होते, त्यांनी येऊन सांगितलं. झोपेतच गेले म्हणे. दोन महिने झाले होते.

मी धारला गेले. वहिनींनी बसायला दिलं, चहा आणला, आणि या वेळी आत गेल्या नाहीत. समोर बसल्या. कोपऱ्यात ते खोकं होतं. मी म्हटलं, "वहिनी, त्यातली पानं मी घेऊन जाऊ का? आठवण म्हणून."

"नाही," त्या म्हणाल्या.

त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत राग होता. "इतने बरस चाय दी मैंने," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे बसायचात. हसायचात, भांडायचात. मला कुणी म्हटलं का, बैस म्हणून? यांनी नाही म्हटलं. आणि तुम्ही तरी?"

खरंच नव्हतं म्हटलं. एकदाही.

त्यांनी खोकं ओढून माझ्यासमोर ठेवलं. कडेकडेने भियांच्या अक्षरातल्या दुरुस्त्यांनी पानं भरलेली होती. "माझी शाळा हिंदीची. मराठी बोलते, पण या खोडाखोडीतून वाचायला बसले तर अर्थ लागत नाही. तुम्ही वाचा. शुरू से."

मी वाचू लागले. बैठकीचे वीस डाव, गुरूचा राग, दम, धीर. जिथे दुरुस्ती होती तिथे आधी खोडलेलं वाचायचं, मग नवीन. वहिनींना दोन्ही हवं होतं. मी घाईने एक ओळ गाळली तर त्यांना कळलं. मध्येच त्यांनी दिवा लावला. माझी देवासची गाडी सहाची होती. पावणेसहाला मी पान खाली ठेवलं आणि पर्सकडे हात नेला.

"पुढे?" वहिनी म्हणाल्या.

मी पुढचं पान घेतलं. सापाची दुसरी पायरी संपली, तेव्हा सात वाजून गेले होते.